एक मतदार, दोन कौल



१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांनी लोकसभा व विधानसभा या दोहोंसाठी एकाच वेळी कौल दिला. लोकसभेच्या ४९४ जागांपैकी ३७१ काँग्रेसला मिळाल्या. पंतप्रधानपद पंडित नेहरूंकडेच राहिले. केरळात मात्र १२६ पैकी ६० जागा जिंकून कम्युनिस्टांनी अपक्षांच्या साहाय्याने मंत्रिमंडळ बनविले. नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले. पुढे विरोधाचे आंदोलन पेटले आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते मंत्रिमंडळ बडतर्फ केले. दिल्लीचा कौल तेवढा खरा आणि त्रिवेंद्रमचा खोटा, असे कसे म्हणावे? मंत्रिमंडळाचे बहुमत सभागृहातच तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात बजावले. एका पेटीतील मताने दुसऱ्या पेटीतील मत पुसले जाता कामा नये. हे भान मतदारांनीच राखले पाहिजे!