माशाचे फुगलेले पोट

दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता शहरांतून चांगलीच रुजली आहे. अशा पेटीतील एखादा गोल्डफिश अन्न टाकतो, त्याचे पोट फुगते आणि तो कोपऱ्यात निश्चल राहतो, तेव्हा घरातील मुले कावरीबावरी होतात. वडीलधारी मंडळी बाजारातून औषधाची बाटली आणून पाण्यात ओततात. पुष्कळदा तो मासा दगावतो आणि सारा दोष औषधाच्या माथी मारला जातो. वास्तविक चूक त्यापूर्वीच घडलेली असते. पोट फुगणे ही केवळ खूण आहे, रोगाचे नाव नव्हे. ज्वर म्हटल्याने जसे निदान होत नाही, तसेच हेही आहे.

प्रथम निरोगी माशाच्या देहाची व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाचे रक्त साधारणतः त्याच्या एक तृतीयांश इतके खारे असते आणि तळ्याचे पाणी तर जवळजवळ अळणीच असते. त्यामुळे गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात कल्ल्यांवाटे आणि त्वचेवाटे बाहेरचे पाणी अखंड शिरत असते. तो पाणी जवळजवळ पीतच नाही. आत आलेले पाणी त्याची मूत्रपिंडे अहोरात्र बाहेर टाकतात आणि गमावलेले क्षार कल्ले पाण्यातून परत ओढून घेतात. डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जलचरांच्या या व्यवस्थेचे विस्ताराने विवेचन केले आहे. मूत्रपिंडे थकली किंवा कल्ले बिघडले, की पाणी देहातच साठू लागते. हाच माशाचा जलोदर होय.

तथापि प्रत्येक फुगलेले पोट जलोदराचे नसते. परीक्षा करणाऱ्याने मासा प्रथम वरून पाहावा. खवले अंगाला चिकटून न राहता सुरूच्या वाळलेल्या बोंडाप्रमाणे चहूकडून उभारलेले असतील, डोळे बाहेर आले असतील, तर खवल्यांखालीही पाणी साठले आहे असे समजावे. येथेही सावधगिरी हवी. गोल्डफिशची एक जात अशी आहे की, तिचे पोट जन्मतःच गोल आणि खवले मोत्यांसारखे उंचवटेदार असतात. तिला रोगी ठरविणे हा तिच्यावर अन्यायच होय.

खवले सपाट असून केवळ पोट वाढले असेल, तर आणखी प्रश्न विचारावे लागतात. मादी अंड्यांनी भरली आहे काय? गप्पी आणि मोली या जातींच्या माद्या तर पिलांनाच जन्म देतात, तेव्हा त्यांचे वाढते पोट हे पुष्कळदा शुभचिन्हच असते. विष्ठा थांबली आहे काय? तसे असल्यास अतिभोजन व मलावरोध यांचा संशय घ्यावा आणि दोन दिवस लंघन घडवावे. मासा उलटा किंवा एका कुशीवर तरंगतो काय? मग हवेच्या पिशवीत दोष असण्याचा संभव अधिक. पोट एकाच बाजूला हळूहळू वाढले असल्यास आतील गाठीची शंका घ्यावी.

यानंतर पाण्याची परीक्षा करावी. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया उत्पन्न होतो. त्याचे रूपांतर करणारे उपकारक जंतू नव्या पेटीत रुजावयास काही आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट यांचे मान शून्यावर नसेल, तर कल्ल्यांना इजा होऊन मासा दुर्बळ होतो. एरोमोनास नावाचे जंतू बहुतेक सर्व पाण्यांत असतातच आणि ते अशा दुर्बळाला गाठतात. म्हणून जंतू मारण्याआधी पाणी सुधारले पाहिजे.

उपचारही या निदानालाच धरून असावा. रोगी मासा वेगळ्या, स्वच्छ पाण्यात ठेवावा. दर लिटरला १ ते ३ ग्रॅम साधे मीठ घातल्यास बाहेरच्या आणि आतल्या क्षारांतील अंतर घटते व मूत्रपिंडांचा भार हलका होतो. मात्र काही जातींना मीठ सोसत नाही, हे आधी पाहून घ्यावे. जो प्राणी पाणी पीतच नाही, त्याच्या पोटात पाण्यात ओतलेले औषध पुरेसे पोहोचेलच असे नाही. उलट जंतुनाशक औषधाने उपकारक जंतू मात्र मरू शकतात. औषध अन्नातून देता येते, पण मासा खात आहे तोवरच.

खवले उभारल्यावर मासा वाचणे कठीणच असते. म्हणून पहिली मंद खूण दिसताच पाहणारा डोळा हवा. शिवाय अशा रोग्याच्या देहात कधी कधी क्षयजंतूंच्या कुळातील जंतू असतात. १९२६ साली फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयातील मृत माशांत अॅरन्सन यांना ते आढळले. हे जंतू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून त्वचारोग उत्पन्न करतात. तेव्हा हाताला चीर असताना पेटीत हात घालू नये आणि मेलेला मासा ताबडतोब काढावा.

एकच मासा फुगला तर दोष बहुधा त्याच्या देहात शोधावा. अनेक फुगले तर प्रथम पाण्यात शोधावा. इतका विवेक राखला, तरी पुष्कळ मुके जीव वाचतील.