तारीख, तिथी आणि वार



महोत्सवाच्या निमित्ताने जुन्या तारखांची आठवण निघते आणि ओघानेच कोणी विचारतो, त्या दिवशी वार कोणता होता? उत्तर देण्याआधी ती तारीख कोणत्या पंचांगाची, हे पाहिले पाहिजे. नाही तर वार हटकून चुकतो.

उदाहरण भीमेच्या काठचेच घेतो. आपल्या राहू बेटातून नदीकाठाने वर गेले म्हणजे वढू बुद्रुक व तुळापूर लागतात. छत्रपती संभाजी महाराजांचा वध फाल्गुन वद्य अमावास्या, शके 1610 रोजी झाला. ग्रंथांतून त्याची तारीख 11 मार्च 1689 अशी असते. हल्लीची दिनदर्शिका मागे नेऊन पाहिली तर त्या तारखेस शुक्रवार येतो, आणि पुष्कळ जण तोच सांगतात. परंतु त्या शुक्रवारी अमावास्येस अजून दहा दिवस अवकाश होता. तिथी ही अशी मोठी निःस्पृह साक्षीदार होय. आकाशातील चंद्रास कोणाची भीड नसते.

घोटाळ्याचे कारण असे की, ती तारीख ज्यूलियस सीझरच्या जुन्या पंचांगाची आहे. त्यातील वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे असल्यामुळे शतकानुशतके फरक साचत गेला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 साली तो दुरुस्त केला. गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार 15 ऑक्टोबर आला. आविलाची संत तेरेजा त्याच रात्री निवर्तली. दहा तारखा गळाल्या. वारांची माळ मात्र तुटली नाही. आपल्या शास्त्राची सारी मदार ह्याच गोष्टीवर आहे.

पोर्तुगीजांनी नवे पंचांग लगेच घेतले, इंग्रजांनी 1752 पर्यंत घेतले नाही. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर एकाच दिवसाला दोन तारखा लागत. मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेली ती 18 फेब्रुवारी 1665 रोजी. इंग्रजी हिशेबाने ती 8 फेब्रुवारी, आणि त्यांचे वर्ष 25 मार्चला पालटत असल्याने सालही 1664! वार मात्र दोघांचाही बुधवार, आणि तोही उपवासकाळाच्या आरंभीचा राखेचा बुधवार.

आता गणित करू. 1700 च्या फेब्रुवारीपर्यंत जुन्या तारखेत दहा दिवस मिळवावेत, म्हणजे 11 मार्चची 21 मार्च 1689 झाली. नव्या पंचांगात चारशे वर्षांचे पूर्ण आठवडे होतात, म्हणून 1600 वर्षांची बाकी शून्य. पुढील 88 वर्षांचे 88 आणि त्यांतील प्लुत वर्षांचे 22, मिळून 110. साताने भागता बाकी 5. जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28 व मार्चचे 21 मिळून 80, बाकी 3. बेरीज 8, बाकी 1. शून्यास रविवार धरल्यास एकास सोमवार. तेव्हा तो दिवस सोमवार होता.

हिशेबाची परीक्षा हवी असेल तर श्रीशिवछत्रपतींचा जन्म पाहावा. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, शुक्रवार असे स्पष्ट आहे. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख नवी मानल्यास मंगळवार निघतो. दहा दिवस मिळवून 1 मार्च केली की बिनचूक शुक्रवार!

एक अडचण उरते. आपला वार सूर्योदयास पालटतो, हिजरी दिवस सूर्यास्तास सुरू होतो, तर इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. म्हणून रात्रीच्या घटनेचा वार ठरविताना नोंद कोणाच्या लेखणीची, हे पाहावे. लेखक वा वेळ कळत नसेल तर दोन्ही वार लिहून ठेवावेत; स्मरणशिळेवर कोरण्याची घाई करू नये.