संगणकाचा अध्यापक होण्याची वाट

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुका आहे. पाऊस तेथें पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच लवकर परततो. अशा मुलखांतील कुटुंबांनीं विद्येलाच आपली बागायत मानावें, यांत नवल नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचें महाविद्यालय आज दहिवडीस आहे. आणि पदवी हातीं आलेली मुलें विचारूं लागलीं आहेत कीं, महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकवावयाचें तर पुढें काय करावें?

पहिली गोष्ट ही कीं, नुसती पदवी येथें पुरत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें सहायक प्राध्यापकास त्या विषयाची पदव्युत्तर पदवी निदान ५५ टक्के गुणांनीं मिळालेली असावी लागते. मागासवर्गीय व अपंग उमेदवारांस ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यावर ‘नेट’ किंवा ‘सेट’ ही पात्रता परीक्षा. पहिली देशभर चालते. दुसरी महाराष्ट्र व गोवा यांच्यासाठीं पुणें विद्यापीठ घेतें, आणि तिची पात्रता त्याच प्रदेशापुरती असते.

दोहोंचा सांचा एकच आहे. प्रश्नपत्रिका दोन, गुण ३००, वेळ तीन तास. पहिलींत अध्यापन, संशोधन व तर्क यांविषयीं ५० प्रश्न. दुसरींत विषयाचे १००. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहींत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडूं नये. परंतु एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. सर्वसाधारण उमेदवारास ४० टक्के गुणांची अट आहे, म्हणजे ४० टक्के मिळाले कीं उत्तीर्ण, असें नव्हे. दोन्ही प्रश्नपत्रिका देणाऱ्यांपैकीं सुमारें ६ टक्केच पात्र ठरविले जातात. चाळीस टक्के हा उंबरठा झाला. घरांत जागा मिळते ती गुणानुक्रमानें.

अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रस्ता निराळा. तेथें तंत्रशिक्षण परिषदेचे नियम लागतात. अभियांत्रिकीची पदवी व पदव्युत्तर पदवी, आणि दोहोंपैकीं एकींत प्रथम वर्ग, एवढें असलें तर ‘नेट’ची जरूर पडत नाहीं. नियम बदलतात, हेंही ध्यानांत ठेवावें. विद्यापीठांतील विभागांत पीएच. डी. अनिवार्य करण्याचें ठरलें होतें. २०२१ मध्यें तें लांबणीवर पडलें आणि २०२३ सालीं ती अट काढण्यांत आली. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न विसंबतां ज्या वर्षीं अर्ज करावयाचा, त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

आतां अवघड भाग. पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असें होत नाहीं. पुष्कळ महाविद्यालयांत संगणकाचे वर्ग विनाअनुदानित असतात. वेतन विद्यार्थ्यांच्या शुल्कांतून निघतें आणि अध्यापकास तासिकेप्रमाणें मोबदला मिळतो. सुट्टी लागली कीं मिळकत थांबते. उलट पुण्याच्या कंपनींत तोच पदवीधर दरमहा ठरलेला पगार घेतो. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाची अगर मुलीची परीक्षा होण्यापूर्वींच हा हिशेब तिच्यासमवेत मांडावा, आणि मान्य असेल तर मग दोन-तीन वर्षें तिला धीरानें साथ द्यावी. परीक्षेच्या मध्येंच ‘आतां पुरे’ म्हणणें हें सर्वांत महाग पडतें.

मग या वाटेनें जावें कशासाठीं? याचें उत्तर वर्गांतच सांपडतें. माणच्या ज्या मुलानें दहावीपर्यंत मराठींत शिक्षण घेतलें, त्याच्यापुढें इंग्रजी पुस्तकांतील व्याख्या भिंतीसारखी उभी राहते. त्याच मातींतला अध्यापक त्याला सांगतो, भाकरींची चवड बघ. शेवटीं ठेवलेली भाकरी आधीं उचलली जाते, तिला ‘स्टॅक’ म्हणतात. टँकरपुढची हंड्यांची रांग बघ. आधीं आलेला हंडा आधीं भरतो, तिला ‘क्यू’ म्हणतात. मुलाच्या डोळ्यांत एकदम उजेड पडतो. हा उजेड पाडणारा माणूस प्रमाणपत्रानें महाविद्यालयाच्या दारापर्यंत येतो; आंत मात्र त्याला भाकरीच्या चवडीसकट यावें लागतें.