विक्रीचा पैसा महसूल नव्हे

महसूल म्हटले की खेड्यातील माणसास तलाठी आणि शेतसारा आठवतो. व्यापारात मालविक्रीतून येणारी सारी रक्कम महसूल ठरते. कच्चा माल, मजुरी, व्याज वजा जाता उरतो तो नफा. पण गिरणीमालकाने गिरणीच विकली, तर ती रक्कम महसुलात कोणताही शहाणा हिशेबनीस धरणार नाही.

सरकारचेही तसेच. कर, शुल्क, सार्वजनिक उद्योगांचा लाभांश ही महसुली जमा. कर्जे आणि भागविक्री ही भांडवली जमा. राज्यघटनेचे ११२ वे कलम महसुली खर्च वेगळा दाखवावयास सांगते, ते उगाच नव्हे. तरीही तूट भरून काढण्यासाठी मालमत्ता विकण्याचा मोह दिल्लीस वारंवार होतो.

२००१ साली बाल्कोचे ५१ टक्के भाग स्टरलाइटला ५५१ कोटी ५० लाख रुपयांस विकले गेले. रक्कम एकदाच आली. त्या भागांवरील लाभांशाचा हक्क मात्र कायमचा गेला. कोरब्याच्या कामगारांनी ६७ दिवस संप केला. आर्थिक धोरणाचा निवाडा आपण करणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात सांगितले. प्रश्न पुन्हा संसदेच्या, म्हणजे मतदारांच्याच दारी आला.