गटारीनंतरचे तीन दिवस



आषाढातली अमावास्या जवळ आली की आमची आई माळ्यावरून पितळेचे दिवे, समया, निरांजनं खाली काढते आणि चिंच-पितांबरी घेऊन अंगणात घासायला बसते. दिव्यांची आवस. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. याच आवसेला गटारी म्हणतात, आणि गटारीच्या रात्रीवर दरवर्षी भरपूर बोललं जातं. मला तिच्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल बोलायचं आहे, कारण त्या तीन दिवसांत मी मरता मरता वाचलो. तेव्हा मी २४ वर्षांचा होतो. आज व्यसनमुक्तीच्या वॉर्डात पोरांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हेच माझं काम आहे.

आयटीआय झाल्यावर मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत लेथवर लागलो. सेकंड शिफ्ट सुटली की मित्रांबरोबर ‘बसायचं’. आधी शनिवारी, मग पगाराला, मग रोज. क्वार्टरशिवाय झोप येईना. वर्ष-दीड वर्षात अशी पाळी आली की सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय मायक्रोमीटर हातात धरता येईना. त्यावरची बारीक रेघ वाचायची तर हात स्थिर पाहिजे, आणि माझा हात फर्स्ट शिफ्टच्या भोंग्याआधीच थरथरत असायचा. दारूनं हात थरथरतात असं लोक म्हणतात. माझे तर दारूनं थांबत होते. म्हणून मला ते औषधच वाटायचं.

घरी सकाळचा चहा मी निम्माच मागायचो. भरलेला कप उचलला की बशीत सांडायचा, कपबशीचा किणकिण आवाज व्हायचा. आईनं कधी विचारलं नाही, पण किती तरी महिने ती मला न सांगता निम्माच कप भरत होती. ती थरथर म्हणजे दारू कमी पडल्याची खूण होती. रात्रीची उतरली की शरीर सकाळी ओरडत होतं. ज्याला डॉक्टर ‘विड्रॉवल’ म्हणतात ते मी रोज सकाळी थोडं थोडं भोगत होतो, आणि आम्हा कुणालाच त्याचं नाव माहीत नव्हतं.

त्या वर्षी आवसेला दिव्यांची पूजा झाल्यावर आईनं माझा हात धरला. म्हणाली, “श्रावणभर तरी सोड. माझ्या गळ्याची आण.” मी आण घेतली आणि ती मनापासून घेतली. रात्री मित्रांबरोबर शेवटची म्हणून बसलो, अकराच्या सुमारास शेवटचा घोट. सकाळी उठलो तो अंगाला घाम, छातीत धडधड, पाणीसुद्धा उलटून पडत होतं. वडील म्हणाले, “उतरतेय, उतरू दे. भोगू दे जरा.” मलाही वाटलं, हीच शिक्षा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताटावर बसलो होतो. पुढचं मला आठवत नाही, बहिणीनं सांगितलं. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय झाडत मी ताटावरच पडलो. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, काकीनं दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. मग जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सलाईन लावून संध्याकाळी घरी पाठवलं. दारूचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. मुलगा पितो हे गल्लीतल्या दवाखान्यात कोण सांगणार?

तिसऱ्या रात्री मला विजेच्या बोर्डातून लाल मुंग्या बाहेर पडताना दिसायला लागल्या. भिंतभर मुंग्या. कानात लेथ चालू. मी आईला ओरडून सांगत होतो, “चक अडकलाय, मशीन बंद कर, बोट जाईल!” आई भिंतीवर हात फिरवून दाखवायची, “बघ, काही नाही बाळा,” आणि मला तिच्या हातावरही मुंग्या चढलेल्या दिसायच्या. सगळ्यांचं एकमत झालं की बाहेरचं लागलंय. नारळ ओवाळून टाकला.

शेजारी एक निवृत्त नर्स राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. आरडाओरडा ऐकून त्या आल्या, माझ्या कपाळाला हात लावला, नाडी बघितली आणि आईला म्हणाल्या, “वहिनी, बाहेरचं काही नाही. हा रोज घेत होता का, तेवढं खरं सांगा.” आई पहिल्यांदा बोलली. अर्ध्या तासात मी सरकारी दवाखान्यात होतो. सिस्टरांचा तो एक प्रश्न पहिल्याच दिवशी कुणी विचारला असता तर फिट कदाचित टळली असती.

आता, माझ्या शरीरात झालं काय, ते सांगतो. रस्सीखेच आठवा. एका बाजूला दारू, ती मेंदूला गुंगीकडे ओढते. रोज ओढते. मग मेंदू काय करतो? जागं राहायचं, काम करायचं म्हणून तो उलट्या बाजूनं पाय रोवून ओढायला लागतो. महिनोन्‌महिने हे चालतं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या जोराच्या होतात आणि माणूस वरून ठीक दिसतो. अशात दारूनं एकदम दोर सोडला तर? दुसरी बाजू तोल जाऊन उताणी पडते. मेंदू तसाच जोर लावून बसलेला असतो आणि त्याला अडवणारं कुणी उरत नाही. घाम, थरथर, धडधड, फिट, भास, सगळं त्यातून येतं.

याला साधारण वेळापत्रक असतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, घाबरल्यासारखं होणं सुरू होतं. फिट बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना ते येतं ज्याला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात: वेळकाळाचं भान सुटणं, नसलेलं दिसणं, ताप, नाडी पळणं. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. पिणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही. महिन्यातून एकदा घेणाऱ्याला याची भीती नसते. जो रोज घेतो, ज्याला सकाळी लागते, ज्याचे हात थरथरतात, ज्याला आधी कधी फिट आलेली आहे, त्यानं एकट्यानं, घरच्या घरी, एका रात्रीत बंद करू नये. डॉक्टर भेटेपर्यंत एकदम तोडू नये, आणि भेटायला उशीर लावू नये.

वय लहान म्हणून शरीराला झेपेल, हा समज मला रोज ऐकायला मिळतो. बावीस-तेवीसची पोरं म्हणतात, दादा, हे म्हाताऱ्या दारुड्यांचं असतं. मेंदू जन्मतारीख विचारत नाही, किती दिवस आणि किती रोज एवढंच त्याला कळतं.

आणखी एक गोष्ट, जी श्रावण पाळणाऱ्या घरांनी नीट ऐकावी. श्रावणात सोडायची, गणपतीत पुन्हा धरायची, मार्गशीर्षात सोडायची, थर्टीफर्स्टला धरायची, असं दरवर्षी करणारे कितीतरी आहेत. ज्याला रोजची सवय लागली आहे त्याचं शरीर अशी प्रत्येक ओढाताण लक्षात ठेवतं. एकदम तोडण्याचा त्रास दर खेपेला वाढू शकतो. पहिल्या वर्षी नुसता घाम आला म्हणून तिसऱ्या वर्षी फिट येणार नाही असं नाही. सोडायचीच आहे ना? मग एकदाच, नीट, डॉक्टरांच्या हाताखाली सोडा.

दवाखान्यात करतात काय, याचीही पोरांना भीती असते. बांधून ठेवतात, शॉक देतात, असं काहीबाही ऐकलेलं असतं. मला मेंदूची ती जास्तीची उसळी शांत करणारी औषधं दिली, आधी जास्त, मग रोज थोडी थोडी कमी करत, आठवडाभरात बंद. रस्सीखेचीतला दोर हळूहळू सैल करावा तसं. ही गोळी मेडिकलमधून स्वतः आणून घ्यायची नाही. तिच्यावर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो. सोबत बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. सतत पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व संपत आलेलं असतं आणि त्याविना मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजचं सलाईन लावताना बी-वन द्यायला डॉक्टर विसरत नाहीत, पण तो पितो हे त्यांना कळलं तरच. आमच्या गप्प बसण्याची किंमत काय झाली असती ते मला नंतर समजलं.

एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ असं लिहिलेलं असतं. आमटीत, चहात मिसळायची पूड. आयांनो, बहिणींनो, हात जोडून सांगतो, हे करू नका. त्या पुडीत काय आहे ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. दारूवर उलटी आणणारं जे औषध डॉक्टर देतात, तेसुद्धा रुग्णाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनं देतात. नकळत पोटात गेलं आणि वर त्यानं दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’नं आपल्याला पहिल्या पेल्याची भीती शिकवली, तळीराम हा शब्द तर नाटकातून उठून आपल्या बोलीत येऊन बसला. शेवटच्या पेल्यानंतर काय होतं, हे मात्र घराघरांत पोचलेलं नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं व्यसनांबद्दलच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल काढला. दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कुठल्या तरी प्रकारचे उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं. उरलेले सदतीस काय करतात? शपथा घेतात, माळ घालतात, खोलीला बाहेरून कडी लावून घेतात. माळेला मी नावं ठेवत नाही. माळ घालून सुटलेले वारकरी मी जवळून पाहिलेत. माळ मन धरून ठेवते. पहिले चार दिवस शरीरही कुणीतरी धरावं लागतं.

तरुण पोरांची आणखी एक अडचण असते. महाराष्ट्रात विदेशी-देशी दारू घ्यायला वय २५ पूर्ण लागतं. विसाव्या वर्षी पिणाऱ्याला वाटतं, डॉक्टरला सांगितलं तर केस होईल. डॉक्टर तुमच्यावर उपचार करायला बसलेले असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या वापरातून होणारे मानसिक त्रासही धरलेले आहेत, आणि उपचारांची माहिती गुप्त राहावी हा त्या कायद्यानं रुग्णाला दिलेला हक्क आहे. तेव्हा खरं सांगा, कमी करून सांगू नका. पोरं एक खंबा पितात आणि दोन पेग सांगतात. औषधाचा हिशेब त्या आकड्यावर बसतो.

शरीर आठवड्यात सावरलं. त्यानंतर जे सुरू झालं ते जास्त लांब चाललं. झोप तुटक, चिडचिड, कशातच राम वाटत नाही. मला वाटलं, दारू सोडूनही असंच जगायचं असेल तर कशाला सोडली? वॉर्डातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, हेही आजारपणातच मोजायचं, काही आठवडे, कधी काही महिने. ते मला फार उपयोगी पडलं. त्रासाला शेवट आहे म्हटलं की माणूस तो काढतो.

तलफ येते ती लाटेसारखी. त्या वेळी ती कधीच संपणार नाही असं वाटतं, पण बहुधा अर्ध्या तासात ओसरते. माझी तलफ शिफ्ट सुटल्यावर, उपाशीपोटी यायची. म्हणून मी खिशात शेंगदाणे-गूळ ठेवायला लागलो, गेटवरच खायचो. बारवरून जाणारा रस्ता सोडला, दोन किलोमीटरचा फेरा पडायचा. पगाराच्या दिवशी बहीण गेटवर यायची आणि आम्ही घरी बरोबर जायचो. मित्र म्हणायचे, “एकानं काय होतंय लेका.” त्यांना मी “औषध चालू आहे” एवढंच सांगायचो. वाद घालत बसलो असतो तर हरलो असतो.

दोन वेळा मी घसरलोही. पण दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी परत गेलो, कारण वॉर्डात कुणी तोंड फिरवलं नव्हतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आपल्याकडे मराठीतही भरतात, तिथं फी नसते, आडनाव विचारत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून या रोगाकडे रोग म्हणून बघणारी माणसं आपल्या महाराष्ट्रात आहेत. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे, आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा, टेलिमानसचा. फिट आली, भास झाले, माणूस बरळायला लागला, तर फोन १०८ ला करायचा. फिट चालू असताना तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा.

आत्ता स्वयंपाकघरात रेडिओ लावून कुणी आई हे ऐकत असेल. तिचा मुलगा या आवसेला शेवटची पिऊन श्रावणापासून सोडतो म्हणाला असेल. त्याला आज रात्री शांतपणे एवढंच विचारा: सकाळी हात थरथरतात का रे? तो हो म्हणाला, किंवा नुसता गप्प बसला, तर आणभाक घालू नका. सकाळी सरकारी दवाखान्यात त्याच्याबरोबर जा, मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. आणि जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: रोज किती घेतो, किती वर्षं घेतो, आणि शेवटचा घोट कधी घेतला, ती वेळ.