ओगोवेकाठचं रुग्णालय

गॅबॉनमधल्या ओगोवे नदीकाठी, लांबारेने इथं 1913 साली डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेन रुग्णालय सुरू करायला पोहोचले. हेलेन परिचारिकेचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, याची खंत वाटते. सुरुवातीचा दवाखाना भरला कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात. रुग्ण होडीनं येत, सोबत नातेवाईक. तेच आवारात चूल मांडून रुग्णाला रांधून घालत. आजारी माणसाला परक्या जागी घरचा घास मिळे, हे मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं. पुढं युरोपातून डॉक्टर, परिचारिका सेवेसाठी येत राहिले. श्वाइट्झर यांना मिळालेल्या नोबेल पुरस्काराच्या पैशातून कुष्ठरुग्णांची वसाहत उभी राहिली. श्वाइट्झर आफ्रिकी माणसांना बरोबरीचं मानत नसत, ही टीकाही रास्तच आहे. आज त्याच लांबारेनेत आफ्रिकी शास्त्रज्ञ मलेरियावर संशोधन करत आहेत.