उलटं धरलेलं मुखपृष्ठ
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा पहिला कवितासंग्रह १९९८ साली निघाला. तीनशे प्रती. अर्धे पैसे माझे, अर्धे सासऱ्यांचे. मुखपृष्ठ अमरावतीच्या माझ्या एका मित्रानं काढून दिलं होतं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. कविता कोरडवाहू शेतीच्या, म्हणून त्यानं काळ्या शाईत एक पऱ्हाटी काढली. तीन उभ्या काड्या, वरती आडवी वाकलेली एक फांदी आणि तिच्या उजव्या टोकाला फुटलेलं बोंड. खाली माझं नाव. मला ते चित्र कवितांपेक्षा बरं वाटलं होतं.

आठवड्याभरानं अकोल्याला चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या पोरानं पुस्तक हातात घेतलं आणि ते उलटं धरलं. "हे काय छापलंत?" म्हणाला. मी पाहिलं. अरबी लिपीत अल्लाह हा शब्द लिहिताना उजवीकडून एक उभी रेघ येते, अलिफ. मग दोन उभ्या रेघा, दोन लाम. त्या खालून जोडलेल्या, आणि शेवटी एक गोल, हे. उलट्या पुस्तकात तीन काड्या होत्या, खालून जोडणारी फांदी होती आणि डावीकडे बोंडाचा गोल होता. आणि माझं नाव आता वर गेलं होतं! "अल्लाच्या नावाच्या वर स्वतःचं नाव टाकलं," असं तो म्हणाला. टपरीवरचे आणखी दोघंतिघं उठून आले.

मी मराठी शाळेत शिकलेला माणूस. कुराण पाठ म्हणता येतं, पण अरबी येते असं म्हणवणार नाही. म्हणून मोहल्ल्यातल्या वयस्क हाफिजसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पुस्तक सुलटं पाहिलं, उलटं पाहिलं, आणि म्हणाले, "बेटा, ये पऱ्हाटी है. तेरे बाप के वावर में भी उगती है."

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण त्या रात्री मला झोप आली नाही. कोणी मारील अशी भीती नव्हती. भीती होती ती बोलण्याची, एकानं दुसऱ्याला आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगण्याची. दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, बायकोनं खळ शिजवली, आणि दोन रात्री बसून आम्ही तीनशे पऱ्हाट्या झाकल्या. मित्रानं विचारलं, "काऊन रे बाप्पा, चित्र कुठं गेलं?" मी सांगितलं, शाई पसरली. त्याला खरं कळायला महिनाही लागला नाही. तो भांडला नाही. पण त्यानंतर त्यानं माझ्या एकाही पुस्तकाला चित्र दिलं नाही, आणि मला मागायला तोंडही नव्हतं.

पुढे कळलं, हा नजरेचा खेळ जगभर चालतो. त्याच सुमाराला, १९९७ साली, अमेरिकेत नायकी कंपनीच्या बुटांवर ज्वालांसारख्या वळणात लिहिलेलं 'एअर' हे अक्षर तिथल्या मुसलमानांना अल्लाहसारखं दिसलं. कंपनीनं माफी मागितली, ३८ हजारांच्या आसपास जोड बाजारातून परत घेतले आणि एका इस्लामी शाळेला खेळाचं मैदान करून द्यायचं कबूल केलं. तिथं निदान बसून बोलणं झालं. त्याआधी १९८९ मध्ये ढाक्यात चपलांवरच्या शिक्क्यावरून रस्त्यावर दंगल झाली होती. शिक्क्यात घंटा होत्या. २००५ मध्ये इंग्लंडात बर्गर किंगच्या आइस्क्रीमच्या झाकणावरचा भोवरा एका गिऱ्हाइकाला खटकला आणि कंपनीनं झाकण बदललं.

मला सगळ्यात आवडते ती इजिप्तची गोष्ट. कोका-कोलाचं नाव आरशात धरलं तर त्यात अरबी भाषेत पैगंबरांचा आणि मक्केचा इन्कार वाचता येतो, अशी आवई उठली. २००० साली इजिप्तचे मुख्य मुफ्ती नस्र फरीद वासिल यांनी सांगितलं, की यात इस्लामविरोधी काही नाही. हे नाव शंभरावर वर्षांपूर्वी अमेरिकेत अटलांटाला, इंग्रजी अक्षरांत लिहिलं गेलं. त्याला अरबीत वाचायचं कारण काय? आमचे हाफिजसाहेब आणि हे मुफ्ती एकाच जातीचे लोक. ज्याला लिपी खरोखर येते तो बहुधा शांत असतो.

हे दुखणं एकट्या मुसलमानांचं आहे असं मी म्हणणार नाही. माझे वाचक म्हणूही देणार नाहीत. अमेरिकेत २००३ साली गणपतीचं चित्र असलेल्या चपला मागे घ्याव्या लागल्या, फ्रान्समध्ये २००५ साली रामाचं चित्र असलेले बूट. तिथं चित्र खरोखरच होतं आणि ते पायात होतं. तो राग मला समजतो. पण 'लक्ष्मी बॉम्ब' हे फटाक्याचं नाव आपण सगळे लहानपणापासून दिवाळीत घेत आलो. माझे हिंदू दोस्त घेत, मी घेई. २०२० साली तेच नाव सिनेमाला दिलं तेव्हा मात्र भावना दुखावल्या आणि 'बॉम्ब' गाळावा लागला. महेंद्रसिंह धोनीला एका मासिकानं २०१३ मध्ये मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं, हातांत जाहिरातीच्या वस्तू, त्यात एक बूट. त्याच्यावर खटला झाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. कारण कायद्यात शब्द आहेत 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं'. हे २९५-अ कलम १९२७ सालचं. २०२४ च्या जुलैपासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ झालं. नुसतं दुखावलं जाणं पुरत नाही, दुखावायचा इरादा लागतो. माझ्या मित्राचा इरादा पऱ्हाटी काढायचा होता. हे कलम मी तेव्हा वाचलेलं असतं तरी खळ शिजलीच असती, हेही कबूल करतो.

आता कोणाला पुस्तक उलटं धरावं लागत नाही. बोट लावलं की चित्र हजार घरी पोचतं. १३ मे २०२३ ला अकोल्याच्या जुन्या शहरात इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुरावरून दंगल पेटली. एकाचा जीव गेला, संचारबंदी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, २१ जून २०२२ च्या रात्री, अमरावतीत एक औषध दुकानदार दुकान बंद करून घरी निघाले होते. त्यांना वाटेत गाठून मारलं. त्यांनी पुढे पाठवलेल्या एका मजकुराचा हा सूड होता, असं राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटलं आहे. ज्यांच्या नावानं हे केलं त्या नबींच्या उम्मतीतला मी एक. त्या आठवड्यात राजकमल चौकातून जाताना मला ओळखीच्या माणसांना सलाम-नमस्कार करणंही जड झालं होतं. तेव्हा एकाही वर्तमानपत्राला मी चार ओळी लिहून पाठवल्या नाहीत. पुन्हा एक चिठ्ठी चिकटवली म्हणा.

कवी म्हणून एक सांगतो. सारखेपणा शोधणं हा आमचा धंदा आहे. चंद्रात भाकर दिसते, ढगात बैल दिसतो, त्यावर आमचं पोट. १९९० साली इंग्लंडमध्ये वांगं चिरलं तर बियांच्या नक्षीत अल्लाहचं नाव दिसलं, आणि ते वांगं पाहायला लोकांनी गर्दी केली. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा अकोल्यातही लोक वाट्या घेऊन धावले. आमच्या शेजारच्या काकू मलाही सोबत घेऊन गेल्या होत्या. डोळे तेच, वळणही तेच. वांग्यात दिसलं तर बरकत, चपलेवर दिसलं तर कारस्थान. वांगं कोणी बनवलेलं नसतं, चपलेमागे कोणीतरी माणूस असतो. आपलं भांडण त्या माणसाशी असतं, आणि बहुतेक वेळा त्याला आपण कधी पाहिलेलंही नसतं. माझ्या चित्रामागच्या माणसाला मी चांगला ओळखत होतो, तरी त्याला झाकून टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. कपाटात उरलेल्या प्रतींवरच्या चिठ्ठ्या खळ सुकून आपोआप सुटल्या होत्या. मी मित्राला फोन केला. तो आता निवृत्त आहे, हात थोडा थरथरतो. शाई पसरली नव्हती, हे इतक्या वर्षांनी मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. "मले माहीत आहे," म्हणाला. मग विचारलं, "काय काढू?"

मी म्हटलं, "पऱ्हाटीच काढ."

"बरं. पण छापाच्या आधी उलटी धरून पाहजो बाप्पा," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही पुष्कळ वेळ हसलो.